खालून धरलेला कॅमेरा

शहाद्यात बियाण्यांच्या आणि औषधांच्या दुकानावर माझा फोटो स्टुडिओ आहे. जिना चढताना फवारणीच्या औषधाचा असा भपकारा येतो की गिऱ्हाईक वर आलं की आधी शिंकतं आणि मग फोटोला बसतं. स्टुडिओ वडिलांचा. मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि ते गेल्यावर मीच चालवायला घेतला. बाई फोटो काढते म्हणून पूर्वी माझ्याकडे मुलीच जास्त यायच्या, स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी. आता मुली मोबाइलवर स्वतःचे स्वतः काढतात, आणि खरं सांगायचं तर त्यांना फार सजवून दाखवायची गरजही उरलेली नाही. शेती करणाऱ्या मुलाला कुणी मुलगी द्यायला तयार नाही, असे दिवस आहेत. त्यामुळे हल्ली माझा जिना चढतात ती मुलं. तिशी ओलांडलेली, आईच्या मागोमाग, इस्त्रीच्या घड्या न मोडलेल्या शर्टात.

त्यांच्यातल्याच एकाने माझं अख्खं वर्ष खाल्लं.

कळसाडीच्या पुढे त्यांचं गाव. कापूस, थोडी केळी, ऊस, घरचं सगळं नीट. मुलगा चौतीस वर्षांचा. आई पुढे, तो मागे, आणि त्याच्या हातात कुणाचा तरी निळा ब्लेझर. आईने आल्या आल्या पिशवीतून मोबाइल काढला, माझ्या टेबलावरच्या काचेच्या बरणीला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे तिची मोठी मुलगी. सुरतेकडे दिलेली.

"ही सांगी कसा फोटो काढाना ते," आई म्हणाली. "तिले समजस."

मी अठ्ठावीस वर्षं हे काम करते आहे. मी लाइट लावायला घेतले.

मुलगा ब्लेझर घालून स्टुलावर बसला. ब्लेझर खांद्यांना घट्ट होता आणि बाह्यांना लांब. मी मागून क्लिपा लावून बाह्या आत घेतल्या. चेहरा तसा बरा होता. उन्हाने रापलेला, कपाळ मोठं, डोळे शांत. पण कॅमेरा वर केला रे केला की हा माणूस श्वास धरायचा. पुष्कळ पुरुष धरतात. छाती फुगते, मान खांद्यात जाते, डोळे मोठे होतात, आणि फोटो असा येतो की जणू कुणी त्याला विहिरीत उतरवतंय.

"श्वास सोडा," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. आणि धरून ठेवला.

माझी एक रीत आहे. माणसाला समोरासमोर चौकोनी बसवायचं नाही. अंग थोडं तिरपं, तोंड कॅमेऱ्याकडे. हनुवटी किंचित पुढे आणि मग खाली, म्हणजे गळ्याची घडी दिसत नाही. हसायला सांगायचं नाही. हस म्हटलं की माणूस दात दाखवतो, हसत नाही. काहीतरी विचारायचं, आणि उत्तर देऊन झाल्यावर तोंड मिटतं त्या क्षणाला बटण दाबायचं. त्या वेळी चेहरा आपला आपण असतो. वडील हेच करायचे. ते गिऱ्हाइकाला विचारायचे, आज घरी भाजी कसली होती.

मी विचारलं, "केळीला यंदा भाव काय?"

त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात बरणीजवळून आवाज आला, "भाऊ, थोडा स्टाइलमा बठ ना. एक हात खिसामा टाक."

"तो बसलाय," मी म्हटलं. "बसलेल्या माणसाला खिशात हात घालता येत नाही."

"तं उभा करा."

उभा केला. इथेच सगळी गडबड झाली. मुलगा उंचीने कमी होता. बायोडेटावर पाच फूट सात इंच लिहिलेलं होतं. मी माझ्या पडद्याच्या चौकटीवरून माणसाची उंची सांगू शकते, आणि हा पाच-चारच्या वर नव्हता. मी त्याच्या आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरला.

"उंच दिसाले जोयजे, ताई," ती हळूच म्हणाली. "बाकी तुम्ही देखी ल्या."

उंच दाखवायला काही लागत नाही. कॅमेरा कमरेच्या खाली धरायचा, माणसाला अर्धं पाऊल पुढे घ्यायचं, शेजारी खुर्ची, दार, कुंडी असलं काही ठेवायचं नाही, म्हणजे तुलना करायला वस्तूच राहत नाही. मी जमिनीवर मांडी घालून बसले आणि खालून फोटो काढले. गुडघे दुखले. सुरतेहून सूचना येत होत्या: चष्मा लावा, चष्मा काढा, हात बांधा, घड्याळ दिसू द्या. आई मधेच सांगायची, "हास ना रे. दात नको दखाडू." दीड तासाने एक फोटो असा आला की तिघींनाही पटला. त्यात तो उंच होता, गंभीर होता, ब्लेझर बसल्यासारखा वाटत होता. बहिणीने वर रंग थोडा उजळ करायला सांगितला, कान थोडे आत घ्यायला सांगितले. कान मी कधी हलवत नाही. पण त्या दिवशी मी दमले होते, आणि हलवले.

तो फोटो समाजाच्या ग्रुपवर गेला. दोन महिने कुणी हाक मारली नाही. मग तळोद्याकडचं एक कुटुंब घरी आलं, पोहे खाऊन, केळी पाहून, परत गेलं. दुसऱ्या दिवशी आई माझ्या जिन्यावर.

"तुम्हना फोटोनीच वाटोळं कयं," ती खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "पोरीना बाप म्हने, फोटोमा उंच दिसस, आठे देखं तं बुटका शे. फसवेगिरी शे म्हने."

"मावशी, तुम्हीच सांगितलं होतं उंच दाखवा म्हणून."

"उंच दखाडा सांगं. इतला उंच नही."

फोटोत माणूस किती इंच वाढवायचा याचं काही माप असतं का? मी पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि म्हणाली की फोटो पुन्हा काढा, या खेपेला नैसर्गिक हवा, सुरतेला सगळे तसंच काढतात.

नैसर्गिक म्हटल्यावर मीच सुचवलं की त्यांच्या मळ्यात येते. चूक माझीच. सकाळी साडेसहाला कॅमेरा, एक रिफ्लेक्टर आणि दोन लेन्सा घेऊन स्कूटीवर निघाले. पोचले तर तो कडक पांढऱ्या शर्टात, पांढऱ्या पँटीत, पांढऱ्या बुटांत केळीच्या बागेत उभा. ठिबकचं पाणी नुकतंच सोडलेलं. बूट घोट्यापर्यंत काळे. शेजाऱ्याचा नवा ट्रॅक्टर मागून आणलेला, त्याच्यावर अजून फुलांचा हार. आईने बरणीच्या जागी आता केळीचा घड निवडला होता. मोबाइल घडाला टेकवलेला आणि त्यात सुरत.

"ट्रॅक्टरवर पाय ठेवीसन उभा ऱ्हाय," सुरत म्हणाली.

तो पाय ठेवायचा, तोल जायचा. मी खालून कोन धरायचे, कारण या वेळी थोडाच उंच दाखवायचा होता. पोट आत, खांदे मागे, हनुवटी पुढे. पुन्हा श्वास धरलेला. मधेच तो माझ्याकडे पाठ करून चालायला लागला. एका झाडाच्या पानावर पिवळे पट्टे होते. तो पान हातात घेऊन मागून पुढून पाहत बसला आणि मी "इकडे बघा" म्हटलेलं त्याला ऐकूच गेलं नाही. त्या सकाळचा सगळ्यात चांगला फोटो त्याच्या पाठीचा आहे. तो कुठे पाठवणार?

नऊ वाजले. ऊन डोक्यावर यायला लागलं, डोळ्यांखाली सावल्या पडायला लागल्या. माझा आवाज चढला. मी म्हटलं, "अहो, मान थोडी खाली घ्या म्हटलं तर तुम्ही कंबर वाकवता. किती वेळा सांगायचं?"

तेव्हा तो पहिल्यांदा एका शब्दापेक्षा जास्त बोलला. ट्रॅक्टरवरचा पाय खाली घेतला, माझ्यासमोर नीट उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, जी मन्हासंगे जलमभर ऱ्हाई, ती माले कायम खालथूनच देखी का?"

तो बोलत असताना माझं बोट बटणावर होतं. सवयीने दाबलं गेलं. ओरडताना मी उठून उभी राहिले होते, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत होता. कपाळाला आठ्या, तोंड अर्धवट उघडं, एक भुवई वर, कॉलर घामाने मोडलेली. गिऱ्हाइकाला दाखवायच्या लायकीचा फोटो नव्हता. मी आईला बाकीचे बारा दाखवले, तिने ट्रॅक्टरवाला घेतला. हा मी पुसला नाही. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. पुसायचा कंटाळाही असेल.

ट्रॅक्टरवाल्या फोटोनेही काही झालं नाही. एका ठिकाणाहून निरोप आला की ट्रॅक्टर कुणाचा आहे.

मग जून महिना आला. शाळांच्या प्रवेशाचे दिवस, जिन्यावर रांग, प्रत्येकाला पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत हवा. अशा दुपारी एक बाई वर आल्या. उंच. माझ्या ठेंगण्या दारातून येताना त्यांनी डोकं जरा खाली घेतलं, इतक्या. साधी कॉटनची साडी, खांद्याला पर्स. त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिल्या. मी दोनदा विचारलं, कसला फोटो. त्या म्हणाल्या, आधी बाकीच्यांचं होऊ द्या. रांग सरायला तास गेला.

मग त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर निळा ब्लेझर. तो जुना फोटो अजून ग्रुपवर फिरत होता.

"खाली तुमच्या स्टुडिओचं नाव आहे," त्या म्हणाल्या. "हा तुम्हीच काढलाय ना?"

"हो."

"हे असे दिसतात का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्या खापरजवळच्या एका उपकेंद्रात नर्स होत्या. वय एकतीस. सुट्टीच्या दिवशी अक्कलकुव्याहून एसटीने तळोदामार्गे शहाद्याला आल्या होत्या, घरी कुणाला न सांगता. हे स्थळ त्यांच्याकडे आलं होतं, वडिलांना पसंत होतं, आणि त्यांनी ठरवलं की बघण्याचा कार्यक्रम होण्याआधी आपण काय ते पाहून घ्यावं.

मी धंद्यातलं ठरलेलं उत्तर दिलं. म्हटलं, "फोटो आहे तो. थोडंफार इकडे-तिकडे असतंच."

"किती इकडे-तिकडे?"

मी वैतागले. दिवसभर लहान मुलांचे कान पकडून मान सरळ करत होते, जेवण झालेलं नव्हतं, आणि आता ही चौकशी. म्हटलं, "ते मुलाकडच्यांना विचारा. मी फोटो काढते, मध्यस्थी करत नाही."

त्या उठल्या नाहीत. त्यांनी मोबाइलवर दुसरा फोटो उघडला. त्यांचा स्वतःचा. दुसऱ्या गावच्या स्टुडिओतला. नक्षीदार खुर्चीत बसलेल्या, गुडघ्यांवर हात, शेजारी प्लॅस्टिकच्या फुलांची मोठी कुंडी, अंग दुमडून लहान केलेलं. कुणी केलं असेल ते मला एका नजरेत कळलं, कारण मीही तेच केलं असतं. उंच मुलीला बसवतात.

"मला उभं राहू दिलं नाही त्यांनी," त्या म्हणाल्या. "चार फोटोग्राफर झाले. चारही जणांनी आधी खुर्चीच आणली. मी पाच आठ आहे, ताई. मुलाकडचे येतात, मी चहा घेऊन बाहेर येते, आणि सगळे वर बघायला लागतात. मला ते पुन्हा नको आहे. म्हणून विचारतेय."

मी सांगून टाकलं. "ते पाच-चार आहेत. कॅमेरा मी खाली धरला होता. कानही थोडे आत घेतलेत."

त्या फोटोकडे पाहत राहिल्या. "चार इंच," त्या म्हणाल्या.

"चपला काढून."

"कान का घेतले आत? कानांचं काय बिघडलं होतं?"

मी कॉम्प्युटर उघडला. दुसऱ्याचे फोटो तिसऱ्याला दाखवू नयेत हे मला कळतं. मी आयुष्यात कधी दाखवलेले नाहीत. पण त्या दिवशी मी मळ्यातला तो आठ्यांचा फोटो मोठा करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी खुर्ची ओढून जवळ घेतली.

"चिडलेत का?"

"माझ्यावर."

"काय म्हणत होते?"

मी जसंच्या तसं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. फोटोकडे बघतच त्यांनी विचारलं, हा मला पाठवाल का. मी म्हटलं, नाही, तो द्यायचा हक्क माझा नाही.

"मग त्यांना विचारा ना."

मी फोन लावला. तो मळ्यातच होता, मागे पंपाचा आवाज. मी सांगितलं की एक बाई आल्या आहेत, अशा अशा, त्यांना खरी उंची मी सांगून बसले आहे, आणि तुमचा मळ्यातला वाईट फोटो त्यांना हवा आहे. तिकडे पंप चालू राहिला. मला वाटलं आता शिव्या पडणार.

"त्यासनी उंची कितली?" त्याने विचारलं.

"पाच आठ."

"हं," तो म्हणाला. मग थांबून, "दी टाका फोटो. लपाडाना काय शे त्यामा."

मी फोटो पाठवला. त्यांनी आभार मानले, पासपोर्ट फोटोच्या आठ कॉप्या उगीचच काढून घेतल्या आणि पाचच्या गाडीने गेल्या.

चार दिवसांनी आई आली. मी खरी उंची सांगून बसले हे लेकाने घरी सांगितलं होतं. या खेपेला तिने ताई म्हटलं नाही, तुम्हीही म्हटलं नाही. "तुले कोनी सांगं व्हतं उंची सांगाले?" जिन्यातूनच सुरुवात. खालच्या दुकानदाराने मान वर करून पाहिलं. मी तिच्या घरची चूल मोडली, मी तिच्या लेकाचं हसं केलं, गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगणारा माणूस धंद्यात कशाला बसतो. शेवटच्या गोष्टीत तथ्य होतं, म्हणून मला जास्त झोंबलं. मीही आवाज चढवला. म्हटलं, ब्लेझर तुमचा नाही, ट्रॅक्टर तुमचा नाही, उंची त्याची नाही, मग मी फोटो कुणाचा काढला ते तरी सांगा. ती उठली आणि गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एका मुलाचं जमत आलेलं मोडलं आणि ते माझ्या तोंडाने मोडलं, असंच वाटत राहिलं.

मोडलं नव्हतं. त्या दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. बघण्याच्या दिवशी त्या चहा घेऊन बाहेर आल्या, सगळ्यांनी वर पाहिलं, आणि तो उठून उभा राहिला. आई त्याला दंडाला धरून खाली ओढत होती, बस म्हणून. तो उभाच राहिला, त्यांनी कप त्याच्या हातात देईपर्यंत. हे मला त्यांनीच पुढे सांगितलं.

माघ महिन्यात लग्न लागलं. फोटोचं काम माझ्याकडे आलं याचं मला आश्चर्य वाटलं. मुलाने हट्ट धरला म्हणे. स्टेजवर मी कॅमेरा लावते आहे तोवर सुरतेची बहीण, आता प्रत्यक्ष, हातात मोबाइल घेऊन हजर. त्यात जोडप्यांचे नमुने. मुलगी मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवते तो नमुना तिला हवा होता. मी म्हटलं, यांनी खांद्यावर डोकं ठेवायचं तर यांना गुडघ्यावर बसावं लागेल. नवरी मान खाली घालून हसत होती. मग आई आली. तिच्या हातात लाकडी पाट होता, जेवायला बसायचा, चांगला जाड. तिने तो नवऱ्याच्या पायाशी ठेवला.

"येनावर उभा ऱ्हाय," ती म्हणाली. "धोतरखाले दिसाव नही."

मी कॅमेरा खाली केला. नवऱ्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "चढा ना. एक फोटो आईंसाठी." तो चढला. मी धोतराचा घोळ पाटावर नीट पसरला, पाट झाकला, आणि फोटो काढला. मग तो उतरला, पाट बाजूला सारला, आणि दोघं आपापल्या उंचीने उभे राहिले. तोही काढला. या वेळी त्याने श्वास धरला नव्हता.

दोन्ही मोठे करून दिले. पाटावरचा आईने ओसरीवर लावला आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. दुसरा त्यांच्या खोलीत आहे. लोक मला विचारतात, दोघांतला चांगला कुठला, आणि ज्यांना ही हकीकत माहीत आहे त्यांना एकच उत्तर ऐकायचं असतं. मी खरं ते सांगते. पाटावरचा. त्यात उजेड चांगला आला आहे, आणि दुसऱ्यात कुणाच्या तरी मामाचं कोपर आलं आहे.